राणादा बावळट? नाही पटलं भावा

'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादा बावळट होता आणि मालिका वहिनीसाहेबांनी एकटीनं ओढली, असं कुणीतरी म्हटलंय. दुसरं निम्मं कबूल. धनश्री काडगावकरची नंदिता, म्हणजे वहिनीसाहेब, पडद्यावर आली की आमच्या गल्लीतल्या बायका दात-ओठ खायच्या, पण उठायचं नाव नाही.

पण पैलवान राणा बावळट नव्हे, लाजाळू. तालमीतली पोरं असतातच तशी. ताक, हळद, तेल मुरवलेल्या लाल मातीत समोरच्याला ढाक डाव मारून आस्मान दाखवणारा गडी कोल्हापुरातल्या गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला आला आणि शेजारी एखादी पोरगी येऊन थांबली, की मान खाली घालून गिलास संपवतो. हार्दिक जोशीनं हे नेमकं पकडलं होतं. नायिका पाठकबाईंसमोर हातांचं काय करायचं हेच त्याला कळायचं नाही!

माझी तक्रार भाषेची. 'चालतंय की' आम्ही म्हणतो, पण उठता-बसता नाही. वाक्यागणिक 'लई' पेरलं म्हणून कोल्हापुरी होत नाही. शूटिंग कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होतं. तिथल्याच एखाद्या म्हातारीला संवाद वाचून दाखवले असते तरी भागलं असतं.

बाकी 2016 ते 2021 म्हणजे ताणलीच. राणा गेला आणि हार्दिकच राजा राजगोंडा बनून आला, तिथं आमच्या आईनं चॅनेल बदललं ते बदललंच. नव्यानं बघणार असाल तर सुरुवातीचे भाग बघा, राजगोंडा आला की थांबा.