शब्दचर्चा: सॉकेट, एमिट आणि पोच

विचारणा

डिप्लोमाच्या मुलांसाठी मोबाइल ॲपवर मराठीत टिपणं लिहितेय. सध्या सॉकेट.आयओच्या क्लायंट लायब्ररीचं प्रकरण चालू आहे, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यात निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या तयार कोडचा फोनकडचा भाग. उदाहरणाला एक छोटं ॲप घेतलंय: बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना बोलीचा भाव शेतकऱ्याच्या फोनवर लगेच दिसायला हवा. कोड चालतोय, मी अडलेय ती शब्दांवर. कोडमधली नावं तशीच राहणार, पण समजावणारं वाक्य मराठी हवं. ‘एमिट’ला (निरोप पाठवणारी आज्ञा) उत्सर्जन, ‘ॲक्नॉलेजमेंट’ला (निरोप मिळाल्याचं उलट उत्तर) अभिस्वीकृती आणि ‘रिअल टाइम’ला वास्तविक वेळ असं लिहून पाहिलं. मुलं वाचतात आणि गप्प बसतात. ‘सॉकेट’ला तर काहीच सुचलेलं नाही. रोज हे काम करणारी मंडळी काय म्हणतात?

प्रतिसाद

ताई, ‘उत्सर्जन’ आधी काढा. भौतिकशास्त्रात तो शब्द बरोबर आहे, प्रकाशाचं उत्सर्जन होतंच. पण मुलांना तो जीवशास्त्रातून माहीत असतो, मूत्रपिंडाच्या धड्यातून. साधं ‘पाठवणे’ वापरा.

‘सॉकेट’ला मराठीत शब्द आहेत, पण ते ज्या त्या जागेचे. डोळ्याची असते ती खोबण. खांद्याला उखळीचा सांधा म्हणतो, तिथे सॉकेट म्हणजे उखळ. नेटवर्कमध्ये यातलं काहीच बसत नाही, म्हणून ‘सॉकेट’च ठेवावं. अर्थ मात्र नीट सांगायला हवा. १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून हा शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी रुळला आणि तिथे सॉकेट म्हणजे जोडणीचं एक टोक, आपला प्रोग्राम जिथून लिहितो-वाचतो ते. मुलं सॉकेट म्हणजे दोघांमधली वायर समजतात. ‘टोक’ हा शब्द एकदा मनात बसला की फोनचं टोक जिवंत आणि सर्व्हरचं गेलेलं, हेही समजतं.

‘रिअल टाइम’चा मूळचा अर्थ कडक आहे: ठरल्या मुदतीत काम झालंच पाहिजे. गाडीतली एअरबॅग त्या अर्थाने रिअल टाइम असते. आपल्या ॲपला तसली हमी नाही. मी ‘थेट’ सुचवेन. थेट प्रक्षेपण आपल्या कानाला सवयीचं आहे.

प्रतिसाद

‘थेट भाव’ चालेल, ‘थेट जोडणी’ लिहू नका. त्यातून एक फोन दुसऱ्या फोनशी परभारे बोलतोय असं वाटतं. इथे प्रत्येक निरोप सर्व्हरवरून जातो. शिवाय सॉकेट.आयओ सहसा सुरुवातीला साध्या एचटीटीपीनेच, म्हणजे वेबपानं मागवण्याच्या नेहमीच्या पद्धतीनेच बोलतं (पुन्हा पुन्हा विनंती करून उत्तराची वाट बघायची, लाँग पोलिंग म्हणतात ते), आणि जमलं तर मग वेबसॉकेटवर, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणाऱ्या उघड्या जोडणीवर चढतं.

हेही टिपणात घ्या: सॉकेट.आयओ म्हणजे वेबसॉकेट नव्हे. वेबसॉकेट हा २०११ मध्ये प्रमाणित झालेला प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम आहेत. सॉकेट.आयओ त्याच्यावर स्वतःचं पाकीट चढवतं. वाहता मजकूर उघडून पाहिला तर एमिट केलेल्या निरोपाआधी सहसा ४२ दिसतं. यातला ४ म्हणजे खालच्या, वाहून नेणाऱ्या थराचा ‘संदेश’, २ म्हणजे वरच्या थराचा ‘इव्हेंट’, नाव दिलेला निरोप. म्हणून निव्वळ वेबसॉकेटचा क्लायंट सॉकेट.आयओच्या सर्व्हरला लावला तर जमत नाही. नवी मुलं इथे हमखास अडकतात, कारण बोलताना सगळे दोन्हीला ‘सॉकेट’च म्हणतात.

प्रतिसाद

मी अँड्रॉइडवर काम करतो. आमच्याकडे चालणारी भाषा: सॉकेट लागला, सॉकेट पडला, इव्हेंट मारला, लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) लावला, लिसनर काढला. यातली लावणे-काढणे ही जोडी टिपणात जशीच्या तशी घ्या. ‘श्रोता’ लिहिलंत तर तो काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार नाही. स्क्रीन उघडताना ‘ऑन’ने लिसनर लावला आणि बंद करताना ‘ऑफ’ने काढला नाही, तर फोन आडवा-उभा केला की नवा लिसनर जुन्यावर चढतो. मग एकाच बोलीचा भाव यादीत दोनदा, तीनदा दिसू लागतो आणि मुलं सर्व्हरला दोष देतात.

आता ‘अभिस्वीकृती’. ताई, आपल्याकडे ‘पोच’ असताना हा शब्द कशाला? रजिस्टर पत्राची पोच घराघरांत माहीत आहे: पत्र पोस्टात दिलं म्हणजे पोचलं असं नाही, सही होऊन पावती परत आली की पोचलं. एमिटचं नेमकं तसंच आहे. एमिटची ओळ चालली म्हणजे आपण पाठवलं, एवढंच. समोर मिळालं की नाही याची खात्री हवी असेल तर पोच मागावी लागते, म्हणजे एमिटला शेवटी एक कॉलबॅक, पोच आल्यावर चालणारं फंक्शन, द्यावा लागतो. जावास्क्रिप्ट क्लायंटमध्ये त्याला मुदतही लावता येते. पाच सेकंदांत पोच आली नाही तर चूक म्हणून हाताळा.

मूळ हमी ‘फार तर एकदा’ अशी आहे. निरोप एकदा पोचेल किंवा पोचणारच नाही. त्यातही दोन बाजू सारख्या नाहीत. फोनची जोडणी तुटलेली असताना आपण एमिट केलं तर क्लायंट ते साठवून ठेवतो आणि जोडणी आल्यावर पाठवतो. सर्व्हर मात्र जोडणी तुटलेल्या फोनसाठी आपणहून काही साठवत नाही. म्हणजे शेतकरी बोगद्यातून जात असताना लागलेली बोली त्याला आपोआप कधीच मिळणार नाही. त्यासाठी सर्व्हरने प्रत्येक बोलीला क्रमांक द्यायचा आणि पुन्हा जोडल्यावर फोनने विचारायचं, ‘अमुक क्रमांकानंतरचं काय सुटलं?’ आम्ही या कामाला ‘सुटलेलं भरून घेणं’ म्हणतो. इंग्रजी शब्दापेक्षा ते लवकर कळतं.

एक सांभाळा: पोच कधी द्यायची हे सर्व्हर लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्याने डेटाबेसमध्ये नोंद व्हायच्या आधीच कॉलबॅक बोलावला तर पोच येऊनही नोंद नसेल. मुलांकडून नोंद आधी, पोच नंतर, असंच लिहून घ्या.

प्रतिसाद

‘कनेक्टेड’चं मराठीही तपासा. सरसकट ‘जोडलेला आहे’ लिहितात, आणि मला ते खरोखर घातक वाटतं. सॉकेट.आयओच्या आवृत्ती ४ मध्ये सर्व्हर मूळ मांडणीनुसार दर २५ सेकंदांनी पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा निरोप पाठवतो आणि उत्तरासाठी २० सेकंद थांबतो. फोन लिफ्टमध्ये शिरला आणि नेटवर्क गेलं, तर पाऊण मिनिटापर्यंत सर्व्हरच्या लेखी तो जोडलेलाच असतो. कनेक्टेडचा खरा अर्थ ‘तुटल्याचं अजून कळलेलं नाही’ असा आहे. टिपणात हे वाक्य ठळक करून घाला. स्क्रीनवर हिरवा ठिपका बघून भाव ताजा आहे असं धरणारा माणूस त्या पाऊण मिनिटात जुन्या भावावर माल देऊन बसेल. भावाशेजारी वेळ दाखवा, ठिपक्यावर विसंबू नका.

आयफोनवर तर ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात गोठतं आणि सॉकेटही जातो. अँड्रॉइड ६पासून फोन स्वस्थ पडला की डोझ, म्हणजे बॅटरी वाचवणारी झोप, लागू होतो. मागे असताना कळवायचं असेल तर पुश नोटिफिकेशन, सॉकेट नव्हे.

विचारणाऱ्या ताई

मनापासून आभार. परिच्छेद असा बदलला: ‘ॲप उघडलं की सॉकेट जोडा आणि भावाच्या इव्हेंटला लिसनर लावा. स्क्रीन बंद होताना तो काढा. बोली पाठवताना पोच मागा, आणि पोच येईपर्यंत बटणावर “पाठवत आहे” असंच दिसू द्या. जोडणी तुटून पुन्हा आली की शेवटचा क्रमांक सांगून सुटलेले भाव भरून घ्या.’ आज वर्गात वाचून दाखवलं, तर एका मुलीने लगेच विचारलं, की पोचच वाटेत हरवली तर बोली दोनदा लागेल का? हा प्रश्न ‘अभिस्वीकृती’ने कधी आला नसता.

‘रूम’ राहिला, म्हणजे ठरावीक फोनांनाच निरोप पाठवता यावा म्हणून केलेला त्यांचा संच. खोली म्हणू का? लासलगावचा एक, पिंपळगावचा एक, असे भाव वेगळे पाठवायचे आहेत.

प्रतिसाद

खोली नको, ‘गट’ म्हणा. खोलीत माणूस आपल्या पायांनी शिरतो. इथे फोनला रूम दिसतही नाही, ती फक्त सर्व्हरवर असते. फोन ‘मला लासलगावचे भाव हवेत’ एवढंच कळवतो आणि सर्व्हर त्याला त्या गटात घालतो. जोडणी तुटली की फोन गटातून बाहेर पडतो, तेव्हा पुन्हा जोडल्यावर ते परत कळवायला लावा.

आणि त्या मुलीला सांगा, हो, पोच न आल्यामुळे फोनने तीच बोली पुन्हा पाठवली तर लागेल. म्हणून पाठवताना प्रत्येक बोलीला फोननेच आपला एक क्रमांक द्यायचा, सुटलेलं भरून घेण्याच्या क्रमांकाहून वेगळा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता नुसती पोच द्यायची.