गेंडा होता हो, राणीच्या बागेत!

दोघांनी लिहिलंय की राणीच्या बागेत, म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, गेंडा कधी नव्हताच, आम्ही पाणघोड्याशी गल्लत करतोय. नाही हो. आसामहून आणलेला एकशिंगी गेंडा होता, शिवा नावाचा. पुढे त्याला दिल्लीला पाठवलं. मी पाहिला तेव्हा पाठीवर चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि एक कावळा त्या भेगांतून निवांत काहीतरी टिपत होता. तासभर गेंडा हलला नाही. धाकट्या भावाने तर "हा पुतळा आहे" असं जाहीरच केलं!

तसा त्याचा दोष नव्हता म्हणा. घारापुरीचा दगडी हत्ती तिथेच म्युझियमपाशी, आणि 1965 मध्ये हलवलेला काळा घोडा, म्हणजे राजा एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, तोही तिथेच. आजीच्या हिशेबात हे दोघेही प्राण्यांतच जमा.

पाणघोडा मात्र आधी नाकाला कळायचा. जबडा उघडला की पोरं कठड्यावर ओणवी व्हायची आणि मागून आया त्यांच्या चड्ड्या धरून ठेवायच्या.

आता सगळी रांग पेंग्विनसाठी. 2017 मध्ये ते दालन खुलं झालं तेव्हा भाचीला नेलं होतं. बाईसाहेब रमल्या त्या एसीत.