हिट म्युझिकल्सचं एवढं कौतुक रास्त आहे का?

बाल्कनीवाला

'द फँटम ऑफ द ऑपेरा' या म्युझिकलचे, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचे, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यनगरीत १९८८ ते २०२३ या काळात १३,९८१ प्रयोग झाले. हा आकडा तोंडावर फेकला की समोरचा गप्प बसतो, असा म्युझिकलप्रेमींचा समज आहे. माझ्या मते तो दर्जाचा आकडा नाहीच, तिकीटविक्रीचा आहे. कोसळणारं झुंबर काढा, तळ्यातून वर येणाऱ्या मेणबत्त्या काढा, धुकं काढा. उरतं काय? मुखवटा घालून एका गायिकेच्या मागे लागलेला माणूस आणि चार चाली. त्याच चाली शब्द बदलून इतक्यांदा कानावर आदळतात की मध्यंतरापर्यंत आपण त्या गुणगुणायला लागतो. आणि गुणगुणता आलं की संगीत थोर!

'कॅट्स'बद्दल तर बोलायलाच नको. टी. एस. एलियटच्या मांजरांवरच्या गमतीदार कवितांना चाली लावल्या, नटांना शेपट्या लावल्या, झालं नाटक. १९८३ साली सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक. संहितेचंही टोनी, तेही १९६५ सालीच वारलेल्या एलियटना! कथानक शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून तिसरं.

उलट संगीतकार-गीतकार स्टीफन साँडहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' बघा. तीन मित्रांची मैत्री कशी नासत गेली, ते शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत नेणारं. १९८१ साली १६ प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला.

रात्रीचा खेळ

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

विंगेतून

बाल्कनीवाले, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 'मेरिली' आणि 'फँटम' दोन्हींचा दिग्दर्शक एकच, हॅरल्ड प्रिन्स. म्हणजे एकीकडे कलावंत आणि दुसरीकडे दुकानदार अशी विभागणी करायला गेलात, तर हा माणूस कुठे बसवणार?

'मेरिली' पडलं ते प्रेक्षकांना खोली झेपली नाही म्हणून नव्हे. अगदी कोवळ्या नटांना मध्यमवयीन पात्रं करायला लावली होती. कोण कोण आहे हेच कळेना, म्हणून पात्रांची ओळख छापलेले स्वेटशर्ट त्यांच्या अंगावर चढवले. आता बोला! पुढे संहितेवर आणि गाण्यांवर बरंच काम झालं, आणि २०२३ साली ब्रॉडवेवर परत आलं तेव्हा लोकांनी उचलून धरलं. २०२४ चं पुनरुज्जीवनाचं टोनीही मिळालं. तेच प्रेक्षक, ज्यांना तुम्ही झुंबरावर भुललेले म्हणताय.

आणि 'झुंबर काढा' हा काय युक्तिवाद आहे? नाटक ऑपेरा हाउसमध्ये घडतं. मारिया ब्यॉर्न्सनचं नेपथ्य हा त्या नाटकाचा निम्मा अर्थ आहे. नेपथ्य काढून नाटक जोखायचं असेल तर घरी बसून रेकॉर्ड ऐकावी.

कोमल रिषभ

चाली परत येण्याबद्दल. 'फँटम'पुरतं बाल्कनीवाल्यांशी अंशतः सहमत, पण सगळ्या हिट नाटकांना एकाच काठीने हाकू नका.

'ले मिझराब्ल' घ्या. सुरुवातीला तुरुंगातून सुटलेल्या व्हालजाँची चोरी बिशप पोटात घालतात आणि चांदीच्या मेणबत्तीदाण्याही देऊन टाकतात. त्यानंतर व्हालजाँ एकटा उभा राहून स्वतःला फाडून काढतो. पुढे जवळजवळ शेवटी जाव्हेर, आयुष्यभर त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर, त्याच संगीतावर गातो. त्यालाही नुकतंच कुणीतरी माफ केलेलं असतं, व्हालजाँनेच. त्या सुरांवर एक नव्याने जगायला निघतो, दुसरा नदीत उडी घेतो. दया एकाला पेलते, दुसऱ्याला नाही, आणि हे सांगायला एकही जादा संवाद लागत नाही. याला 'चाली पुरवून वापरल्या' म्हणणार का? १९८५ साली लंडनच्या बहुतेक समीक्षकांनी या नाटकाला झोडपलं होतं. लोकांना मात्र आधी कळलं.

बाल्कनीवाला

कोमल रिषभ, व्हालजाँ-जाव्हेरचा मुद्दा बिनतोड. पण त्याच नाटकात मधल्या बोलगाण्यांमध्ये कुठलीही चाल कुणाच्याही तोंडी येते, त्याचं काय? एका जागी अर्थ लागला म्हणून सगळीकडे लागत नाही.

विंगेतून, ते प्रेक्षक चार दशकांनी आले हो.

खडूस प्रेक्षक

मुळात कौतुक कुणाचं, तेच ठरवा. 'विकेड'ला २००४ साली सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी मिळालं नाही, ते 'अव्हेन्यू क्यू'ने नेलं. आज ब्रॉडवेवर 'विकेड' चालू आहे, 'अव्हेन्यू क्यू' नाही. पारितोषिकवाले आणि तिकीट काढणारे वेगवेगळं बोलतात, आणि आपण दोघांचं एकत्र कडबोळं करून भांडतोय.

मला खरा त्रास होतो तो दोघं एका सुरात बोलतात तेव्हा. 'हॅमिल्टन', अमेरिकेच्या एका संस्थापकावरचं. २०१६ साली १६ नामांकनं, ११ टोनी, वर पुलित्झर. कारागिरी अफाट आहे, वादच नाही. अँजेलिका बहिणीच्या हॅमिल्टनशी होणाऱ्या लग्नात शुभेच्छा द्यायला उभी राहते, अख्खा रंगमंच मागे फिरतो आणि मघाशी पाहिलेली हॅमिल्टनची भेट तिच्या बाजूने परत घडते. आपल्याला आत्ता कळतं की तिने तेव्हा काय सोडून दिलं. असा प्रसंग लिहिणाऱ्याला दंडवत. पण अमेरिकेच्या जन्माची गोष्ट, गुलामगिरीचे ओझरते उल्लेख, आणि गुलाम माणूस पात्र म्हणून जवळजवळ नाहीच. इतिहासकारांनी हे बोलून दाखवलं. टाळ्यांच्या कडकडाटात ते किती जणांनी ऐकलं?

विंगेतून

खडूस, तो आक्षेप 'हॅमिल्टन'वर आहे, हिट असण्यावर नाही. ते पडलं असतं तरी आक्षेप तोच राहिला असता.

खडूस प्रेक्षक

पडलं असतं तर शाळांमध्ये मुलं त्यावरून इतिहास पाठ करत बसली नसती. फरक पडतो.

विंगेतून

बरं, बाल्कनीवाल्यांना शेवटचं. 'स्वीनी टॉड', १९७९. साँडहाइमचंच, दिग्दर्शन पुन्हा प्रिन्सचंच. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी मिळालं, ५५७ प्रयोग झाले, आणि तरी गुंतवलेले पैसे वसूल झाले नाहीत. हे तुमच्या हिशेबात हिट की पडेल?

बाल्कनीवाला

माझ्या हिशेबात चांगलं नाटक. हिट-पडेलचा हिशेब निर्मात्याने ठेवावा, मी का ठेवू?