पुदुकोट्टईची रोमन नाणी: सम्राटाच्या तोंडावर घाव कशासाठी?

टाकसाळ्या: १८९८ साली पुदुकोट्टई संस्थानात (आजच्या तमिळनाडूत) रोमन सोन्याची ५०१ नाणी सापडली, सम्राट ऑगस्टसपासून सम्राट वेस्पासियनपर्यंतची. दहांतल्या नवांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीचा घाव आहे. माझ्या मते ही सरळसरळ पारख. वरून सोन्याचा पत्रा, आत हलका धातू, असला माल रोमन काळात चालायचाच.

निकष: पारख? ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांचं ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, साधारण ७.८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.४ घन सेंटिमीटर सोनं. त्याच आकारात चांदी भरली तर सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरेल. तराजूत टाकलं की पितळ उघडं! वर कसोटीचा दगड आहेच. छिन्नी हवी कशाला? आणि हवीच तर किनारीला एक खाच पुरते.

टाकसाळ्या: किनारीच्या खाचेने गाभा दिसत नाही. उठाव डोक्यालाच जास्त, तिथेच खोलवर जाता येतं.

सुलाखी: मूर्तिभंजनाचं काय? परक्या राजाचा चेहरा नको म्हणून घाव घातला असेल.

निकष: मग टायबेरियसच्या नाण्यामागे फांदी आणि राजदंड घेऊन बसलेली बाई कशी सुटली? उलट, भारतात सापडलेल्या काही नाण्यांना डोक्याच्या वर दोन भोकं आहेत, गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा म्हणून. आपल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्यात, अडकवायची सोय असलेल्या. चेहऱ्याचा राग असता तर हे सोस कुणी केले असते?

माझं म्हणणं वेगळं. घावाने धातू बाजूला सरकतो, घटत नाही. वजन तेच, म्हणजे सोन्याची किंमत शाबूत. बाद होतं ते फक्त राजाचं चलन. यापुढे हे तोलून घ्यायचं, मोजून नाही.

टाकसाळ्या: दक्षिणेत रोमन सोनं मोजून घेत होतं कोण? सगळा व्यवहार वजनावर. सम्राट नीरोने इ.स. ६४ साली ऑरियस ७.३ ग्रॅमवर आणलं, तेव्हा मोजणाऱ्याचं नुकसानच. जे चलन नव्हतंच ते बाद काय करणार?

निकष: हा मुद्दा बिनतोड, मान्य. पण मग जवळजवळ प्रत्येक नाण्यावर घाव घालण्याइतका संशय का, तेही तराजू हाताशी असताना?

सुलाखी: घावाच्या कडा भिंगाखाली बघा ना. झिजून गुळगुळीत असतील तर नाणं घावानंतरही हातोहात फिरलं. धारदार असतील तर पुरण्याच्या जरा आधीच एका बैठकीत सगळी छिन्नीखाली गेली.

टाकसाळ्या: कडा धारदार निघाल्या तर माझी पारख अडचणीत येते, हे कबूल.