मदत हवी आहे: वडिलांसाठी पॅराग्लायडिंग, कामशेत की बीर? लवकर सांगा

एसटीवाल्याची_लेक
मंडळी, जरा घाईत आहे. बाबांच्या साठीला त्यांना पॅराग्लायडिंगला न्यायचंय, टँडम, म्हणजे पायलट सोबत असतो ते. कामशेत करू की सरळ हिमाचलचं बीर-बिलिंग? एकजण म्हणतोय आज रात्रीपर्यंत अर्धे पैसे भरा नाहीतर रेट वाढेल. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, स्वारगेट-दादर कितीतरी वर्षं केली, जुन्या हायवेनं कामशेत आलं की डोंगरावर ती रंगीत पॅराशूटं दिसायची आणि घरी आले की जेवताना तेच, आज पाच होती, आज एक लालभडक होतं. स्वतः विमानात कधी बसले नाहीत. प्लीज पटकन सांगा.

मावळचा_वारा
तारीख? वजन? निघणार कुठून? काहीच न सांगता कामशेत की बीर कसं सांगायचं ताई. आणि पॅराशूट नाही हो, पॅराग्लायडर. पॅराशूट खाली उतरवायला असतं, हे वर चढतं.

कोथरूडचा_काका
बीर. विचारच करू नका. बिलिंगचा टेकऑफ २४०० मीटरवर, धौलाधरच्या डोंगररांगेत, पॅराग्लायडिंगचा २०१५ चा वर्ल्ड कप तिथंच झाला होता. आम्ही दोघं नोव्हेंबरात गेलो होतो, खाली चौगानच्या मैदानात उतरल्यावर ही अर्धा तास कोणाशी बोललीच नाही, नुसती हसत बसली होती.

उडता_गरुड
पायलटच व्हायचं असेल तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे, कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. माझ्या पुतण्याचं चालूये, हवी तर माहिती देतो.

घार_७
काका, त्यांचे वडील इतकी वर्षं कामशेतची ग्लायडरं मोजत आलेत आणि तुम्ही त्यांना हिमाचलला पाठवताय? त्यांना तोच डोंगर द्या. वरून तो हायवे दिसू दे, त्यावरून जाणारी एसटी दिसू दे.

एसटीवाल्याची_लेक
सॉरी, राहिलंच. पुण्यातून. वजन ८२. साठी २ जुलैला.

मावळचा_वारा
जुलै?! अहो पावसाळ्यात कामशेतला कोण उडतंय. सीझन ऑक्टोबर ते मे. बीरलाही १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंदी असते आणि त्याआधीच पाऊस लागलेला असतो. आज रात्री पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा, जुलैत कुठून उडवणार? एक रुपया भरू नका. ८२ चालतं बहुतेक ठिकाणी, तरी आधी सांगून ठेवा, विंगला वजनाची मर्यादा असते.

जुना_हडपसरी
मी म्हणतो ग्लायडर करा, बिनइंजिनाचं विमान असतं ते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला मी कॉलेजात असताना बसलोय, जमिनीवरची विंच, म्हणजे तार गुंडाळणारं मशीन, तारेनं खेचते आणि काही सेकंदांत तुम्ही वर, मग तार सुटली की सगळं शांत. पळायचं नाही, लटकायचं नाही, खुर्चीत बसून जायचं. सध्या जॉयराइड देतात का ते फोन करून विचारा.

एसटीवाल्याची_लेक
पळायचं म्हणजे? त्यांना पळावं लागतं? मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय.

कोथरूडचा_काका
स्टेंटचं काही नसतं, माझे सासरे स्टेंट असून सिंहगड चढतात.

मावळचा_वारा
काका, सिंहगडावर दम लागला तर खाली बसता येतं. ताई, ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्यांनाच विचारा आणि त्यांचं लेखी घ्या, पायलटलाही स्पष्ट सांगा. लपवून अजिबात नेऊ नका.

घार_७
पळणं फार नाही पण आहे. आठ-दहा पावलं उतारावरून, आणि पायलट सांगेपर्यंत बसायचं नाही, लोक नेमके घाबरून मध्येच बसतात आणि घसरतात. मग पायाखालचं गवत निघून जातं. त्यानंतर इंजिन नाही काही नाही, दोऱ्यांतून वारा आणि वर चढायला लागलो की व्हेरिओची, म्हणजे वर चढतोय ते सांगणाऱ्या यंत्राची, टीटीटी. पहिल्या वेळी माझ्या बाजूला एक घार आली, पंख न हलवता, आणि मान वळवून माझ्याकडे बघून गेली. तापलेल्या खडकावरून गरम हवा उठते ती घारीला आधी कळते, पायलट तिच्या मागे जातो. मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही, पण तिथं भीती वाटलीच नाही. डॉक्टर हो म्हणाले तर संध्याकाळची वेळ मागा, दुपारी हवा उसळते, गोल गोल फिरताना मळमळतं.

एसटीवाल्याची_लेक
पैसे भरले नाहीत. त्याला विचारलं जुलैत कुठून, तर फोन ठेवला. सोमवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये. बाबांना आता सांगूनच टाकलं, लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एकच विचारलं, वरून कामशेतचा स्टँड दिसतो का?

मावळचा_वारा
कोणत्या डोंगरावरून उडता त्यावर आहे. वारा बघून त्या दिवशीच ठरतं. ऑक्टोबरात या, दोन दिवस हातात ठेवून या, वारा नसला तर उडवत नाहीत. घोट्यापर्यंतचे बूट घाला त्यांना.

नवखा_०९
माझं वजन १०४ आहे, मला नेतील का?