चर्चा: चर्चने गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवावं, की त्याच पैशात मुलाचं घर सावरावं?

खाडीकाठ (धागाकर्ता)
आई किंवा आजी सांभाळायला असेल तर त्या मुलाला धर्मग्रामाने (पॅरिशने, म्हणजे स्थानिक चर्चने) वसतिगृहात घेऊ नये, हे माझं ठाम मत. तोच पैसा आणि सिस्टरांचा वेळ त्या घराच्या मागे उभा करावा.

किनाऱ्यावर मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. शाळा जूनमध्येच सुरू होते. खलाशाची कमाई थांबलेली असताना वह्या, गणवेश, छत्री, एसटीचा पास असा सगळा खर्च एकदम येतो. आणि आपण मदत वाटतो नाताळात! प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) जमलेली वर्गणी मेअखेरपर्यंत राखून ठेवा, मगच तिचा उपयोग होईल.

दुसरं, सरकारी पैसा. पालक गमावलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मग गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. अडतं ते फुटकळ गोष्टींवर: मृत्यूचा दाखला काढलेलाच नसतो, शाळेत एक नाव आणि आधारवर दुसरं, बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवाभावी संस्थेची माणसं घरोघर जातातच. त्यांनी प्रत्येक घराची एक फाईल पुरी करून दिली, तर ती मदत धान्याच्या पिशवीपेक्षा कितीतरी दिवस पुरेल.

वीटभट्टी
सहमत नाही. तुम्ही मासेमार घर डोळ्यांपुढे ठेवलंत, कातकरी वाडी नाही. रायगडातली कातकरी कुटुंबं उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, परततात पावसाच्या तोंडावर. दुसरं सत्र सगळं बुडतं. जे घर सहा महिने गावातच नाही, ते सावरणार कुठे? तिथे वसतिगृह लागतंच.

पाळणाघर_आधी
वीटभट्टी, शाळा कुणाची सुटते ते बघा. भट्टीवर आईबाप जोडीने काम करतात, तान्हं मूल सांभाळते आठ-दहा वर्षांची बहीण. तिला वसतिगृहात टाका म्हटलं की आई नाही म्हणते, कारण मग धाकट्याला बघणार कोण? थोरला मुलगा तेवढा येतो. म्हणून आधी भट्टीवर पाळणाघर, सावलीत, चुलीपासून आणि ट्रकच्या वाटेपासून लांब. आजी वाडीवरच राहत असेल तर शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी करा. त्यात मूल गावातच राहतं, जेवणाची सोय होते.

नियमाने_चला
वसतिगृह काढायचंच तर हिशेब आधी मांडा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची असतील तर बाल न्याय अधिनियम 2015, कलम 41 खाली नोंदणी सक्तीची. ती नसेल तर कलम 42: एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. 2016 च्या आदर्श नियमांत झोपायच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट, 7 मुलांमागे एक संडास, 10 मुलांमागे एक न्हाणीघर. 25 मुलं म्हणजे 1,000 चौरस फूट, चार संडास, तीन न्हाणीघरं. धर्मशिक्षणाच्या रिकाम्या वर्गात गाद्या टाकून हे भागत नाही. परदेशातून देणगी येणार असेल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते, आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

बिगरख्रिस्ती_पालक
माझा आक्षेप वेगळा आहे. भुकेलं मूल आणि प्रार्थना एका खोलीत आली की पालक मोकळेपणाने 'नको' म्हणू शकत नाही. राज्यघटनेचं कलम 28(3) अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांत संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करू देत नाही. चर्चने हाच दंडक स्वतःच्या वसतिगृहाला लावावा. उपासनेची वेळ वेगळी, जागा वेगळी, आणि पालकाला समजेल अशा भाषेत लेखी संमती.

खाडीकाठ
हा आक्षेप पूर्ण मान्य, आणि तो घराघरातून होणाऱ्या मदतीलाही लागू धरा. वीटभट्टी, स्थलांतरित मुलांपुरता तुमचा मुद्दा घेतो, पण पाळणाघराशिवाय नाही.

सुट्टीतल्या जेवणाचं मात्र कुणीच बोललं नाही. शाळा बंद की पोषण आहार बंद. प्राथमिकचं प्रमाण मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. 25 मुलांना रोज अडीच किलो तांदूळ, अर्धा किलो डाळ, सव्वा किलो भाजी, 125 ग्रॅम तेल. एवढं कुठल्याही धर्मग्रामाला मे महिन्यात जमण्यासारखं आहे.

वीटभट्टी
मे महिन्यात भट्टीवरची मुलं वाडीवर नसतात. जेवण तिथे पोचवायला टेम्पो आणि मालकाची परवानगी लागेल. मुकादमाशी बोलणी दिवाळीआधी, उचल ठरते तेव्हाच करा. नंतर कुणी ऐकत नाही.