पोलो गाडी रेस ट्रॅकवर न्यायचीय, ठोकली तर इन्शुरन्स मिळतो का?

पुणेरी_टर्बो: फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल आहे, रोज ऑफिसला हीच लागते, आता चेन्नईच्या सर्किटवर ट्रॅक डेला (शर्यत नाही, आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) न्यायचं डोक्यात आहे. आधी सस्पेन्शन करू की टायर? आणि इन्शुरन्स झीरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा कापत नाहीत तो) आहे, मग टेन्शन नाही ना?

घाटवळण: झीरो डेप विसर. पॉलिसीत वापराच्या मर्यादा वाच, ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेसमेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणं), स्पीड टेस्टिंग, सगळं कव्हरच्या बाहेर. शर्यत नव्हती नुसता ट्रॅक डे होता असा वाद घालशील पण त्या भरवशावर जाऊ नको. इंग्लंडात एका दिवसाची वेगळी ट्रॅक पॉलिसी मिळते, आपण मात्र गाडी गेली तर गेली असं धरूनच जायचं.

ब्रेकवाले_काका: सस्पेन्शन राहू दे रे, आधी ब्रेक बघ! ताजं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक फ्लुइड आणि चांगले पॅड टाक. जुनं फ्लुइड हवेतलं पाणी शोषून बसलेलं असतं, ३.७ किमीचा ट्रॅक, लॅपमागून लॅप जोरात ब्रेक मारलेस की ते उकळतं आणि पेडल थेट तळाला. टायरची हवा पिटमध्ये आल्याआल्या गरम असतानाच मोज. शेवटचा लॅप सावकाश, आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेव.

पुणेरी_टर्बो: आणि रोल केज, म्हणजे गाडीच्या आत बसवतात तो पाइपांचा पिंजरा?

ब्रेकवाले_काका: ऑफिसच्या गाडीत? अजिबात नको. हेल्मेट नसताना डोकं आपटलं तर त्याच पाइपवर आपटणार.